बालसंरक्षण : अर्धेच ऐकलेले संशोधन

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्याने एप्रिल २००७ मध्ये बालकांवरील अत्याचारांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतील ५ ते १८ वर्षे वयाच्या १२,४४७ मुलांशी प्रत्यक्ष बोलून तो तयार झाला होता. त्याखेरीज २,३२४ तरुण-तरुणींना त्यांच्या बालपणाविषयी विचारण्यात आले आणि मुलांशी संबंध येणाऱ्या २,४४९ प्रौढांची मतेही घेण्यात आली. महाराष्ट्र आणि गोवा ही दोन्ही राज्ये त्या तेरांत होती. मुलांविषयी मोठ्यांना विचारण्याची रीत जुनीच आहे. खुद्द मुलांनाच 'तुम्हांला कोण मारते, कोण छळते, आणि ते तुम्ही कुणाला सांगितले' असे सरकारने एवढ्या व्यापक प्रमाणावर विचारावे, हे नवे होते. त्या तोडीची दुसरी पाहणी सरकारने त्यानंतर केली नाही. पहिल्या पाहणीची उत्तरे इतकी अडचणीची होती की प्रश्न पुन्हा विचारण्याची कुणाला घाई नसावी, असा तर्क केला तर तो फारसा चुकीचा ठरणार नाही.

उत्तरे काय होती? दर तीन मुलांपैकी दोन मुलांनी मार खाल्ल्याचे सांगितले. कुटुंबात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे त्यांचे आईबापच होते. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्क्यांनी शिक्षकांकडून शारीरिक शिक्षा झाल्याचे नोंदवले. ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला. त्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित अधिकच होते. अत्याचार करणारांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे वा ज्यांच्यावर मुलाने विश्वास टाकावा अशा स्थानावरचे होते. बहुसंख्य मुलांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. अहवालातील दोन आकडे वृत्तपत्रांच्या मथळ्यांत कधी आले नाहीत. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५०.२ टक्के मुले आठवड्याचे सातही दिवस काम करीत होती, आणि ४८.४ टक्के मुलींना आपण मुलगा असतो तर बरे झाले असते, असे वाटत होते.

मथळ्यांत आला तो ५३ टक्क्यांचा आकडा. तो आजतागायत भाषणांतून फिरतो आहे आणि 'भारतातील निम्म्याहून अधिक मुलांवर लैंगिक अत्याचार होतो' असा त्याचा अर्थ बेधडक लावला जातो. वस्तुतः त्या पाहणीतून देशातील सगळ्या मुलांविषयी असे विधान करता येत नाही. पाहणीकारांनी मुले सरसकट चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. घरी राहणारी पण शाळेत न जाणारी, शाळेत जाणारी, संस्थांत ठेवलेली, कामावर असलेली आणि रस्त्यावर राहणारी असे पाच गट मुद्दाम पाडून प्रत्येक गटातून मुले घेतली होती. शिवाय लैंगिक अत्याचाराच्या व्याख्येत अश्लील चित्र दाखवण्यापासून बलात्कारापर्यंत सर्व प्रकार होते. गंभीर प्रकारांचा आकडा २१.९ टक्के होता. हा तपशील सांगणे म्हणजे अत्याचार सौम्य करून दाखवणे नव्हे. आकड्याची खरी ताकद जेथे आहे तेथे लक्ष जावे, एवढ्यासाठीच तो सांगायचा. ती ताकद गटागटांच्या तुलनेत आहे. सर्वांत भीषण लैंगिक अत्याचारांच्या नोंदी रस्त्यावरच्या, कामावरच्या आणि संस्थांत ठेवलेल्या मुलांकडून सर्वाधिक आल्या. ज्या मुलाच्या अंगावर छप्पर नाही, ज्याचे श्रम दुसऱ्याच्या मालकीचे आहेत आणि ज्याचा ताबा सरकारने स्वतःकडे घेतला आहे, तेच मूल सर्वांत असुरक्षित आहे, असे सरकारचाच अहवाल सांगत होता.

यातले सरकारने काय ऐकले? लैंगिक अत्याचारांचा भाग ऐकला, आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून 'पॉक्सो' कायदा अमलात आला. तोवर मुलग्यांवरील अत्याचारासाठी भारतीय दंड संहितेत 'अनैसर्गिक' संभोगाच्या कलमापलीकडे काही नव्हते. मुलींच्या बाबतीतही 'विनयभंग' या गुळगुळीत शब्दाखाली पुष्कळ काही झाकले जाई. नव्या कायद्याने मुलगा-मुलगी हा भेद काढला, गुन्ह्यांचे प्रकार स्पष्ट केले, मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, गणवेश नसलेल्या पोलीस अधिकाऱ्याने घ्यावा असे सांगितले. न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष व्हावी, शक्यतो एका वर्षात खटला संपावा, अशी तरतूद केली. भारतातल्या फौजदारी कायद्यात मुलाच्या भीतीचा इतका विचार यापूर्वी क्वचितच झाला असेल.

पण अहवालातील मार, मजुरी आणि संस्था यांचे काय झाले? पुढच्या काळात सगळी राजकीय शक्ती एकाच दिशेने, शिक्षा वाढवण्याकडे, खर्च झाली. २०१८ मध्ये बारा वर्षांखालील मुलीवरील बलात्काराला फाशीची तरतूद आली. २०१९ मध्ये ती 'पॉक्सो' कायद्यातही घालण्यात आली. संसदेत बाके वाजली. फाशीला पैसा लागत नाही, शिक्षिका नेमाव्या लागत नाहीत, वसतिगृह बांधावे लागत नाही, कुणा साखर कारखानदाराला दुखवावे लागत नाही. सत्ताधाऱ्यांना ती इतकी प्रिय का, हे यावरून समजते.

मुलांच्या हिताच्या दृष्टीने मात्र फाशीचा हिशेब उलटा पडतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची दरवर्षीची आकडेवारी सांगते की 'पॉक्सो'खालील बलात्काराच्या खटल्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असण्याचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या पुढे आहे. म्हणजे तो काका आहे, शेजारी आहे, शिकवणीचा मास्तर आहे, पुष्कळदा घरातला एकमेव कमावता पुरुष आहे. नऊ वर्षांच्या मुलीने तोंड उघडले तर घरातला माणूस फासावर जाईल आणि चूल विझेल, हे तिला ठाऊक झाल्यावर ती बोलेल की गप्प बसेल? तिची आई पोलीस चौकीची पायरी चढेल की मुलीलाच दटावील? त्यातच माहिती असूनही न कळवणाऱ्याला शिक्षेची तरतूद याच कायद्यात आहे. तेव्हा विश्वासाने ऐकून घेणारी शिक्षिका किंवा डॉक्टरसुद्धा मुलीला 'हे आपल्यात राहील' असे सांगू शकत नाही. २००७ च्या पाहणीत बहुसंख्य मुले मुकी राहिली होती. त्यांना बोलते करणे हे खरे काम होते. कायद्याच्या प्रत्येक नव्या धारेने ते अवघड होत गेले.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला दोन लहानग्या मुलींच्या बाबतीत जे घडले त्याने सारा महाराष्ट्र हादरला. पालकांना फिर्याद नोंदवून घेण्यासाठी तासन्‌तास ताटकळावे लागले. मग लोक रुळांवर उतरले, तो संताप न्याय्य होता. पुढे सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, आणि काही ठिकाणी पेढे वाटले गेले. पोलिसांच्या स्वसंरक्षणाच्या दाव्यावर दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने जानेवारी २०२५ मध्ये प्रश्नचिन्ह लावले. पेढे वाटणारांना कुणी विचारले नाही की त्या गोळीने राज्यातल्या किती बालवाड्यांत स्वच्छतागृहापर्यंत सोबत करणारी बाई नेमली गेली.

संशोधनातले सोयीचे तेवढे उचलायचे आणि उरलेले गाडून टाकायचे, हा प्रकार एकट्या भारताचा नाही. बालछळाचे आधुनिक संशोधन जेथे उभे राहिले त्या अमेरिकेतही नेमके हेच घडले, आणि तो इतिहास समाजवादी कार्यकर्त्याने नीट समजून घेण्यासारखा आहे. १९६२ मध्ये डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. ७१ रुग्णालयांत एका वर्षात आलेल्या ३०२ मुलांची माहिती त्यांनी गोळा केली होती. त्यांपैकी ३३ मुले दगावली होती आणि ८५ मुलांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. क्ष-किरणांच्या चित्रांत वेगवेगळ्या वेळी मोडलेली हाडे दिसत होती आणि आईबाप 'पाळण्यातून पडला' असे सांगत होते. डॉक्टरांनी आईबापांच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची सवय सोडली, हे त्या निबंधाचे मोठेच कार्य होते. १९६७ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांनी अशी प्रकरणे कळवणे सक्तीचे करणारे कायदे केले.

परंतु छळ हा एक आजार आहे आणि आजारी आईबाप शोधून काढले की काम झाले, ही समजूतही त्याच निबंधातून रूढ झाली. डेव्हिड गिल या समाजशास्त्रज्ञाने देशभरच्या नोंदी तपासून १९७० मध्ये आपला ग्रंथ लिहिला आणि या समजुतीला हात घातला. गिल यांचे म्हणणे सरळ होते. मुलांना मारणे ज्या समाजात शिस्त म्हणून मान्य आहे आणि दारिद्र्याचा ताण ज्या घरांवर रोज पडतो आहे, तेथे एकेका बापाचे मन तपासून काही साधणार नाही. शिवाय निकृष्ट घरे, निकृष्ट शाळा आणि उपासमार यांतून समाज स्वतःच मुलांचा जो छळ करतो, तो कोणत्याही बापाच्या हातून होणाऱ्या छळापेक्षा मोठा आहे. १९७३ मध्ये सिनेटर वॉल्टर मॉन्डेल यांच्या समितीपुढे गिल यांची साक्ष झाली. मॉन्डेल उदारमतवादी होते, मुलांविषयी त्यांना कळवळा होता. तरीही हा प्रश्न गरिबांपुरता नाही, मध्यमवर्गातही तो आहे, हे नोंदले जावे असाच त्यांचा रोख राहिला. त्यालाही कारण होते. १९७१ मध्ये सर्व मुलांसाठी पाळणाघरे आणि बालविकास केंद्रे उभारण्याचे त्यांचेच विधेयक अध्यक्ष निक्सन यांनी नकाराधिकार वापरून फेटाळले होते. दारिद्र्याचे नाव काढले की विधेयक पडते, हा धडा त्यांनी घेतला होता. जानेवारी १९७४ मध्ये त्याच निक्सन यांनी बालछळविरोधी कायद्यावर सही केली. पाळणाघर नामंजूर आणि तपासनीस मंजूर, असा हा व्यवहार झाला.

त्याचे फळ काय? १९७८ मध्ये लेरॉय पेल्टन यांनी 'बालछळाला वर्ग नसतो' ही कल्पना एक मिथक आहे असे दाखवून दिले. नोंदल्या जाणाऱ्या प्रकरणांत गरीब घरे कितीतरी पटीने अधिक आहेत, आणि सगळे दोष नोंदणीतील पक्षपाताच्या माथी मारून ही वस्तुस्थिती पुसता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. आज अमेरिकेत बळी म्हणून नोंदल्या जाणाऱ्या मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांच्या बाबतीत कारण मारहाण नसते, 'दुर्लक्ष' असते. घरात अन्न नसणे, आई कामावर गेल्यावर मूल एकटे असणे, घर गळके असणे, या गोष्टी त्या शब्दात सहज शिरतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार तेथील ३७ टक्के मुलांच्या घरी अठरा वर्षांचे होईपर्यंत केव्हा ना केव्हा सरकारी चौकशी येते. काळ्या मुलांत हे प्रमाण ५३ टक्के आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासाने किमान वेतनाचे दर आणि दुर्लक्षाच्या तक्रारी यांचा संबंध तपासला. ताशी वेतन एका डॉलरने वाढले की दुर्लक्षाच्या तक्रारी ९.६ टक्क्यांनी घटतात, असे त्यात आढळले. ज्या कामासाठी तपासनिसांची फौज ठेवली होती त्यातले काही काम मजुरीवाढीने झाले. कामगार चळवळीने हा आकडा आपल्या मागणीपत्रात लिहून ठेवावा.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे, आणि ती डाव्या मंडळींनीच बाळगली पाहिजे. 'गरीब लोक मुलांना छळतात' हे विधान खोटे आहे आणि ते गरिबांचा अपमान करणारे आहे. बहुसंख्य गरीब आईबाप पोटाला चिमटा घेऊन मुले वाढवतात. बंगल्यांच्या बंद दारांआड काय चालते, हे पोलिसांच्या नोंदीत येत नाही. पण याच्या उलट टोकाचे एक आळशी विधान समाजवाद्यांच्या बैठकांतून ऐकू येते : व्यवस्था बदलली की हे सारे आपोआप मिटेल, तोवर हा प्रश्न महिला आघाडीकडे सोपवावा. ज्या मुलाला आज रात्री पट्ट्याने मारले जाणार आहे त्याला या विधानाचा काडीइतका उपयोग नाही. आणि तो पट्टा चळवळीतल्या माणसाच्या हातात नसतोच, असेही नाही. मालकापुढे मान ताठ ठेवणारा कामगार घरी येऊन पोराच्या पाठीवर हात टाकतो, तेव्हा तो त्याच मालकशाहीचा धडा पुढच्या पिढीला शिकवत असतो. ८८.६ टक्क्यांच्या त्या आकड्यात सर्व पक्षांचे मतदार आहेत.

महाराष्ट्रात गरिबी आणि अत्याचार यांची गाठ कोठे पडते हे पाहायचे असेल तर ऊसतोडीकडे पाहावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता; त्यांनी मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर तोडून फेडायची. कोपीत पाच-सहा महिने संसार. पहाटे फडात जायचे, तर मुलगी कोठे ठेवायची? गावी ठेवली तर म्हातारीच्या भरवशावर, फडावर नेली तर उघड्या माळावर पाचटाच्या कोपीत एकटी. आईच्या पोटातली भीती खरी असते आणि त्या भीतीवर तिला ठाऊक असलेला एकच उपाय असतो, लग्न. शिवाय लग्न झाले की नवा कोयता तयार होतो, नवी उचल मिळते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. बीड जिल्ह्यात हे प्रमाण ४० टक्क्यांच्या पुढे होते. पंधरा वर्षांची मुलगी, तिचे लग्न, सोळाव्या वर्षी बाळंतपण, हे सारे 'पॉक्सो' आणि बालविवाह प्रतिबंधक कायदा या दोन्हींखाली गुन्हेच आहेत. कायद्याने गुन्हेगार कोण? आई, बाप आणि वीस वर्षांचा नवरा. उचलीचा व्यवहार ज्याच्या नफ्यासाठी चालतो तो कारखाना या फिर्यादीत कोठेच नाही. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे यांच्या घोषणा अनेकदा झाल्या. जेथे ती वसतिगृहे नीट चालली तेथे मुली गावात राहिल्या आणि शाळेत राहिल्या. बालसंरक्षण याचा ऊसपट्ट्यातला अर्थ एवढा साधा आहे.

केंद्राने २०१६ मध्ये बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती केली. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी, ही बातमी झाली. शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत 'कौटुंबिक उद्योगा'त मुलाने मदत केल्यास हरकत नाही, ही पळवाट त्याच दुरुस्तीत होती, आणि किशोरवयीन मुलांना मना असलेल्या धोकादायक कामांची यादीही आखूड करण्यात आली. विड्या वळणारी, जरीकाम करणारी मुले कुटुंबातच काम करतात. आईच्या मागे मोळ्या बांधणारी मुलगीही कुटुंबातच काम करते. सातही दिवस राबणाऱ्या निम्म्या मुलांविषयी अहवालाने जे सांगितले होते, त्याला नऊ वर्षांनी मिळालेले हे उत्तर.

कायदा केवळ अपुरा पडतो असे नाही, तो भलत्याच हातांत शस्त्रही होतो. बेंगळुरूच्या 'एनफोल्ड' या संस्थेने 'युनिसेफ'च्या साहाय्याने आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगाल या राज्यांतील २०१६ ते २०२० मधील ७,०६४ निकालपत्रे तपासली. त्यांपैकी २४.३ टक्के खटले परस्परांच्या मर्जीने जुळलेल्या प्रेमसंबंधांचे होते. दर चार खटल्यांत एक. फिर्यादी बहुधा मुलीचे आईबाप वा नातेवाईक. मुलगी न्यायालयात मुलाच्या बाजूने उभी राहते आणि खटला सुटतो. मधल्या काळात मुलगा कोठडीत आणि मुलगी सुधारगृहात. जातीबाहेर जोडीदार निवडणाऱ्या मुलीला वठणीवर आणण्यासाठी बालसंरक्षणाचा कायदा वापरला जावा, यापेक्षा त्याची मोठी विटंबना कोणती?

शिक्षा करणे आणि रक्षण करणे यांतला फरक महाराष्ट्राला कुणी परक्याने शिकवण्याची गरज नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवेच्या पोटी मूल आले तर समाज तिला जगू देत नसे, आणि तिने मूल मारले तर इंग्रजांचा कायदा तिला फाशीवर किंवा काळ्या पाण्यावर पाठवी. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला १८८१ मध्ये अशीच फाशी सुनावली गेली होती. पुढे ती कमी झाली, आणि त्याच प्रकरणाच्या संतापातून ताराबाई शिंदे यांचे लेखन १८८२ मध्ये उभे राहिले. फुले दांपत्याने कायदा आणखी कडक करा असे म्हटले नाही. बाळंतपणासाठी खाट दिली, गुप्तता दिली, आईला आश्रय दिला. त्याने मूल वाचले. अशाच एका मुलाला, यशवंताला, त्यांनी स्वतः दत्तक घेतले. बालरक्षणाचे एवढे स्पष्ट तत्त्व त्या काळी ज्या शहराने पाहिले, त्याच राज्यात आज त्या तत्त्वाचे काय झाले आहे?

हे समजायला अंदाजपत्रक पाहावे. बालगृहे, दत्तकविधान, बालकल्याण समित्या, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, मदतवाहिनी हे सारे ज्या 'मिशन वात्सल्य' योजनेतून चालते, तिच्यासाठी केंद्राने २०२४-२५ मध्ये १,४७२ कोटी रुपये ठेवले. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अठरा वर्षांखालील मुले ४४ कोटींहून अधिक होती. भागाकार केला तर दर मुलामागे वर्षाला ३३ रुपये पडतात. राज्यांचा वाटा त्यात मिळवला तरी चित्र पालटत नाही. जिल्हा कक्षातले कर्मचारी कंत्राटी आहेत. ज्याला स्वतःच्या पुढच्या वर्षाच्या नोकरीची शाश्वती नाही त्याने जिल्ह्यातल्या लाखो मुलांना शाश्वती द्यायची. मुंबईत १९९६ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या आश्रयाने सुरू झालेली १०९८ ही मदतवाहिनी देशभर पोहोचली होती. २०२३ मध्ये ती स्वयंसेवी संस्थांकडून काढून सरकारी यंत्रणेत घेण्यात आली. रस्त्यावरच्या मुलाला ज्या आवाजाची ओळख पटली होती तो आवाज बदलला. आणि गावातल्या प्रत्येक मुलाचे वजन, नाव आणि घर जिला ठाऊक असते ती अंगणवाडी सेविका अजून 'मानधना'वर आहे. डिसेंबर २०२३ पासून जवळपास दोन महिने महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस संपावर होत्या, तेव्हा त्यांच्या मागण्यांकडे बालसंरक्षणाचा प्रश्न म्हणून कुणी पाहिले नाही. राज्य सरकारची बालसंगोपन योजना अनाथ किंवा एक पालक गमावलेल्या मुलाला संस्थेत न पाठवता घरीच वाढवण्यासाठी महिन्याला २,२५० रुपये देते. योजना चांगली आहे. विधवा आईच्या हातात पडणारे हे पैसे मुलाला बालगृहाच्या दारापासून दूर ठेवतात. तिचे अर्ज किती महिने पडून राहतात हे प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्याने मोजून पाहावे.

शाळेतल्या माराविषयी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली. छडी पुष्कळ ठिकाणी गेली, पुष्कळ ठिकाणी नुसती कपाटाआड गेली. घरातल्या माराला मात्र भारतीय कायदा हात लावत नाही. नव्या न्याय संहितेतही पालकाच्या 'सद्‌हेतू'ला जुन्यासारखीच मोकळीक आहे. स्वीडनने १९७९ मध्ये, जगात सर्वप्रथम, आईबापांनी मुलाला मारण्यास बंदी केली. त्या कायद्यात नवी शिक्षा कोणतीच नव्हती. सरकारने लहान मुले असलेल्या घरोघरी पुस्तिका वाटल्या आणि दुधाच्या खोक्यांवर माहिती छापली, म्हणजे सकाळी न्याहारीच्या वेळी आईबाप आणि मुले ती एकत्रच वाचत. अर्थात ज्या देशात प्रत्येक मुलाला भत्ता मिळत होता आणि पाळणाघरांचे जाळे वाढत होते तेथे दुधाच्या खोक्यावरचा मजकूर वाचायला आईबापांना उसंत होती. तेथला कायदा उचलून येथे आणला आणि भत्ता व पाळणाघर तेथेच ठेवले, तर येथे पुन्हा एक अर्धवट नक्कल उभी राहील.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या म्हणण्याप्रमाणे मुलांविरुद्धचे नोंदलेले गुन्हे २०२२ मध्ये १,६२,४४९ होते, २०२३ मध्ये १,७७,३३५ झाले. हा अत्याचार वाढल्याचा पुरावा, की लोक बोलू लागल्याचा? दोन्ही बाजूंनी छातीठोक बोलणारे भेटतात. पोलिसांच्या वहीतून याचे उत्तर निघत नाही. ते फक्त मुलांना पुन्हा विचारूनच निघेल. म्हणून २००७ ची पाहणी दर पाच वर्षांनी व्हावी, या वेळी नमुना सर्व मुलांचे प्रतिनिधित्व करील अशा रीतीने निवडावा आणि वीटभट्ट्या, ऊसतोड, बालगृहे यांना त्यात स्वतंत्र जागा असावी, ही मागणी पक्षाच्या संसदीय आणि विधिमंडळ सदस्यांनी लावून धरली पाहिजे. २०२१ ची जनगणनाच ज्यांनी लांबवली ते ही मागणी सहजासहजी मानणार नाहीत.

त्याची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. सरकारी कागदोपत्री गावोगाव ग्राम बाल संरक्षण समित्या आहेत. सरपंच, अंगणवाडी सेविका, मुख्याध्यापक अशी नावे फलकावर असतात. समितीची सभा शेवटची केव्हा झाली हे फलक सांगत नाही. ग्रामसभेत तिचे इतिवृत्त मागण्याचा अधिकार कोणत्याही ग्रामस्थाला आहे. ऊसतोडीच्या पट्ट्यातील शाखांनी गळीत हंगामाच्या आधीच्या ग्रामसभेत एवढे विचारावे : या गावातून किती टोळ्या जाणार, त्यांच्याबरोबर किती मुले जाणार, हंगामी वसतिगृह कोणत्या तारखेला उघडणार, आणि तेथे रात्री मुलींबरोबर कोण राहणार. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत, आणि टोळ्या परतल्यावर मार्च-एप्रिलच्या सभेत तीच यादी पुन्हा वाचावी.